धोतर, भरतकामाची रिंग आणि चमच्याची पाठ: उन्हातल्या मॅक्रोची नोंदवही

३१ ऑगस्ट, पुणे

चार दिवस पावसाने उघडीप दिली आणि टेकडीच्या पायथ्याशी बेशरमाच्या पानांवर सोनेरी कासवभुंगे दिसायला लागले. सकाळी साडेदहाचं ऊन, अगदी जवळून फोटो काढायची ९० मिमीची मॅक्रो लेन्स, १:१ (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा). आयएसओ ४००, एफ/८, शटर १/४००. घरी येऊन बघतो तर पाठीवर जळून गेलेला एक पांढरा ठिपका, खालचे पाय कोळशासारखे आणि सोनं कुठेच नाही. एवढा दागिना समोर बसला होता आणि मी काळ्या बटणाचा फोटो काढून आणला.

फ्लॅश आहे माझ्याकडे, पण माझ्या हातात त्याने सकाळची मध्यरात्र होते. मागचं सगळं काळं. मला ऊन उन्हासारखंच दिसायला हवंय, फक्त त्याची धार बोथट व्हायला हवी.

धार का असते याचा हिशोब वहीत मांडून ठेवला. आकाशातला सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्यामुळे सावलीची कड अंतराच्या साधारण ११० व्या भागाइतकीच पुसट होते. पानापासून ५ मिमी उंच असलेल्या मिशीची सावली ०.०५ मिमी पुसट, म्हणजे ब्लेडने कापल्यासारखीच.

६ सप्टेंबर

आजोबांचं जुनं धोतर फाडलं (आईला अजून सांगितलेलं नाही) आणि भरतकामाच्या १२ इंची लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलं: ऊन आणि भुंगा यांच्यामध्ये धरायचा डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा. ढोलकीसारखं वाजतं. वजन काहीच नाही, डाव्या हातात सहज धरता येतं.

सावल्या मऊ झाल्या, पण पाठीवरचा पांढरा ठिपका हटेना. मग दोन रिंगा, दोन थर, मध्ये दोन बोटं अंतर. फ्लॅशवाले असंच करतात म्हणून मीही केलं. ठिपका जरा मंदावला, पण तो दुसऱ्या थरामुळे. थर एकमेकांना चिकटवले काय आणि लांब ठेवले काय, फरक शून्य. हे कळायला मला दोन दिवस लागले: फ्लॅश जवळ असतो, त्याचा उजेड पहिल्या थरावर एका जागी पडतो आणि दुसऱ्यापर्यंत जाताना पसरतो. सूर्य इतका लांब की पहिला थर आधीच कडेपासून कडेपर्यंत सारखा उजळलेला असतो. मधल्या अंतराने पसरायला उरतंच काय?

१३ सप्टेंबर

आजची नोंद सगळ्यात कामाची. चहा ढवळता ढवळता सापडली.

गच्चीत स्टीलचा चमचा उपडा ठेवला, वर धोतराची रिंग धरली आणि चमच्याच्या पाठीत कडेने पाहिलं. पांढरी गोल चकती आणि तिच्या मधोमध चक्क सूर्य, सुईच्या टोकाएवढा. धोतराच्या विणीतल्या भोकांतून तो सरळ आत येत होता. भुंग्याची पाठ म्हणजे छोटा चमचाच की! इतके दिवस मी पानावरची सावली बघून डिफ्यूझर पारखत होतो, आणि चकचकीत किड्याच्या बाबतीत सावली निम्मीच गोष्ट सांगते. पाठीवर प्रतिबिंब पडतं ते डिफ्यूझरचं. तो जसा दिसेल तसा हायलाइट, म्हणजे पाठीवरचा चमकता डाग.

मग घरातलं सगळं चमच्यापुढे उभं केलं. मलमल: धोतरासारखीच नापास. पांढरी नायलॉन छत्री: सूर्य पसरतो, पण मध्ये उजळ गोळा राहतो, वर काड्यांच्या रेघा. बटर पेपर: गोळा बराच मंद, पण किंचित पिवळट. ट्रेसिंग पेपर: चकती जवळपास सारखी पांढरी. पास. पण पावसाळी हवेत तो संध्याकाळपर्यंत पापडासारखा वाकडा होतो, म्हणून आर्किटेक्ट वापरायचे ती मॅट ड्राफ्टिंग फिल्म आणली. ती पाणी पीत नाही. आता रिंगमध्ये तीच आहे.

माझ्या मोजणीत फिल्म साधारण दीड स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). म्हणजे तोच फोटो आता १/१२५ च्या आसपास, आणि १:१ ला वाऱ्यावरच्या पानासाठी ते फारच हळू. आयएसओ ८०० करून १/२५० वर तडजोड. थोडं नॉइज (फोटोतले दाणे) आलं तर येऊ दे, हललेला डोळा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

अंतराचंही मोजलं. ३० सेंमीची रिंग विषयापासून १५ सेंमीवर धरली तर ती ९० अंश व्यापते. ६० सेंमीवर नेली की जेमतेम २८. जवळ आणल्यावर उजेड मऊ तर होतोच, शिवाय थोडा वाढतोही. आधी मी फोटोत येईल या भीतीने रिंग लांब धरत होतो.

२१ सप्टेंबर

भाचा मदतीला. नवीन भानगड: भुंगा डिफ्यूझरखाली, मागचं गवत उघड्या उन्हात, म्हणजे दीड स्टॉप जास्त उजळ. सोनं मिळालं, पण मागे पांढुरका धूर. रिंगखाली मागचंही येईल एवढी ती मोठी नाही. उपाय साधा निघाला, घरातली काळी छत्री मागच्या गवतावर धरायची. भाचा पंधरा मिनिटं तशीच धरून उभा होता.

"मामा, तुला सावलीच हवी असेल तर ढग आल्यावर येऊ या की."

प्रश्न रास्त आहे. पण ढगाचा उजेड चारी बाजूंनी येतो, त्याला दिशाच नसते. कासवभुंग्याच्या कवचाची कडा काचेसारखी पारदर्शक असते. तिरप्या उजेडात ती पानावरून उचलल्यासारखी दिसते, ढगाखाली चिकटवल्यासारखी. पोटाखालचा काळोख उजळायला लग्नपत्रिकेची मागची पांढरी बाजू पानाशेजारी धरली. डब्याचं चकचकीत झाकण वापरू नका, त्यातून दुसरा सूर्य तयार होतो.

आणखी एक. सावली अंगावरून सरकली की किडा उडतो. रिंग आधी धरून ठेवायची आणि मग थांबायचं. आज तीन उडाले, चौथा बसला.

४ ऑक्टोबर, रत्नागिरीजवळचा सडा (कातळाचं पठार)

इथे माझं सगळं शहाणपण उलटं झालं. कातळावरच्या ओल्या मातीत दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, कीटक खाणारी वनस्पती. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. पुण्याच्या सवयीने रिंग १५ सेंमीवर आणली आणि थेंब दुधाळ झाले, साबुदाण्यासारखे. उघड्या उन्हात तर प्रत्येक थेंबात जळका ठिपका. शेवटी रिंग ५०-६० सेंमी लांब, झाडाच्या मागून तिरपी. थेंबात छोटी, स्वच्छ चकती आली आणि बाकीचा थेंब पारदर्शक राहिला.

पोटावर झोपायला जागा निवडण्यातच अर्धा तास गेला, कारण इंचभर उंचीच्या गेंदांवर (सड्यावरची गोंड्यासारखी रानफुलं) कोपर टेकवून ड्रॉसेराचा फोटो काढायची लाज वाटते. समुद्राचा वारा वेगळाच. रिंग शिडासारखी फुगायची. ४० पैकी ३ फोटो ठेवण्यासारखे.

रिंग हातात धरण्याऐवजी रोवता आली तर बरं, पण कातळात काही रुतत नाही. जुन्या टेबललॅम्पची वाकणारी मान काढून ठेवली आहे, तिच्या बुडाला वाळूची पिशवी बांधून बघणार. सड्यावरचं पाणी आटायच्या आत पुन्हा जायचंय.