उमरेड ते वडसा : जुन्या लाकडाच्या मागावर

नागपुरातल्या लाकूडबाजारात सागाचा भाव विचारला की दुकानदार आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि मग हळूच म्हणतो, "आफ्रिकेचा माल दाखवू का?" बल्लारशाचा डेपो इथून दोनशे किलोमीटरही नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग गेला तो तिथूनच. आलापल्लीच्या सागाचं तर नावच घेऊ नका. आणि आपण विदर्भातल्या शेतकऱ्यानं बोटीनं आलेल्या सागाचं दार बसवायचं!

उमरेडच्या पुढे आमचं वावर आहे. तिथं बैलांसाठी कोठा, दोन खोल्या आणि समोर छपरी, एवढंच बांधायचं होतं. पैसा बराचसा विहिरीत गेला होता. उरला त्यात बाजारातून धड चार चौकटी झाल्या नसत्या. गावचे वाढई, म्हणजे सुतार, ज्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणतात, ते एका संध्याकाळी म्हणाले, "भाऊ, लाकूड दुकानात कायले शोधता? जिकडं घरकुलं चालू हायेत तिकडं चला. झाडीत."

झाडी म्हणजे आमच्या पूर्वेकडचा जंगलपट्टा. मामांचं म्हणणं बरोबर होतं. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही जोता, लिंटेल, स्लॅब असे काम पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्यानं. गावात दुसरी जागा नसते, म्हणून त्याच जागेवरचं मातीचं, कवेलूचं म्हणजे कौलांचं घर पाडावं लागतं. नव्या घरात सळाख आणि सिमेंट. लाकूड फक्त दाराला, आणि आता तर दारही पत्र्याचं. मग आजोबाच्या काळातले वासे, खांब, मयाल (छपराचं मुख्य आडवं लाकूड) अंगणात पडून राहतात. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यावर ताडपत्री असते, दुसऱ्या पावसाळ्यात ती ताडपत्री दुसऱ्या कामाला जाते, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचा सरपण म्हणून हिशेब लागतो. आपण पोचायचं ते पहिल्या दोन वर्षांत.

निघायचा काळही मामांनीच ठरवला. होळीच्या आधी नको, कारण त्या दिवसांत गावातली पोरं कोणाचंही लाकूड उचलून होळीत टाकतात आणि नवखा माणूस लाकूड हुडकताना दिसला की त्याच्यावरच संशय. होळी झाली की मृगाच्या आत स्लॅब टाकायची घाई सुरू होते आणि घरं धडाधड उतरतात. शेजारच्या पोराचा छोटा हत्ती भाड्यानं घेतला. डिझेल आमचं, जेवण आमचं आणि गाडीतली गाणी त्याची.

उमरेडच्या कोळसा खाणीचे टिपर मागे पडले की रस्ता मोकळा होतो. भिवापूरला सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीचे देठ काढायच्या जागी, बायका खुडत बसलेल्या होत्या. खिडकीची काच वर केली तरी तिघंही शिंकत होतो. कानप्याला चहा घेतला. पुढं नागभीडपर्यंत रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली साफ केलेली गोल जागा, पहाटे वेचून उरलेली चुकार फुलं आणि तो जडसर गोड वास. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ अखेरीस ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हापासून या पट्ट्यात जुन्या रेल्वे स्लीपरची चर्चा फार. "साहेब, लोहा आहे लोहा," म्हणत एका भंगारवाल्यानं आम्हाला थप्पीच दाखवली. कुठल्या मार्गावरच्या होत्या ते त्यालाही ठाऊक नव्हतं. स्लीपर टिकतात हे खरं, पण त्या क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेल्या असतात. उन्हात तापल्या की डांबरासारखा वास येतो, हाताला चिकटतं, आणि तुकडे चुलीत घातले तर धूर विषारी. फाटकाचे खांब करा, बांधावरच्या पायऱ्या करा. घरात, गव्हाणीत किंवा भाजीच्या वाफ्याला नको. मामांनी वास घेतला आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

खरा माल मिळाला तो ब्रह्मपुरीच्या अलीकडे, आतल्या एका गावात. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं दहा गाड्या उभ्या राहतील. घरकुलाची स्लॅब नुकतीच पडली होती आणि बाजूला चिंचेच्या झाडाला टेकून वासे उभे होते. घरची म्हातारी बाजेवर बसून होती.

"आजी, हे लाकूड द्यायचं आहे का?" मी विचारलं.

"कायले पायजे तुमाले? जाळाले का?"

"नाही आजी, घर बांधायला."

म्हातारीनं मामांच्या खांद्यावरच्या थैलीतला वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, बघितला आणि तिचा सूर बदलला. "मंग बसा जी. पाणी घ्या."

मामांची तपासणी बघण्यासारखी असते. आधी वाकसाच्या पाठीनं ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत उधई, म्हणजे वाळवी. मग जुन्या पेचकसाचं टोक लाकडात दाबायचं. सागाच्या गाभ्यात ते शिरत नाही, पण कडेच्या पांढऱ्या भागात सहज जातं. सागाच्या गाभ्यात तेल आणि उधईला नकोसे घटक असतात, पांढऱ्यात ते नसतात, म्हणून किडा आधी तिथं लागतो. पीठ सांडत असेल तर घुण अजून जिवंत आहे. पांढरा भाग रंध्यानं उतरवला की खालचं लाकूड पुन्हा नवंच.

एका काळपट, जड वाशावर आमचं एकमत होईना. मी म्हटलं शिसम, मामा म्हणाले बीजा. त्यांनी ढलपी काढून आजीच्या लोट्यात टाकली. थोड्या वेळात पाणी पिवळसर झालं आणि उन्हात धरल्यावर निळी झाक मारू लागलं. मधुमेहावर म्हणून ज्याचे पेले बाजारात विकतात तेच हे लाकूड. बाकीचे बरेचसे साग, दोन-तीन ऐनाचे. ऐन वजनाला भारी, खांबाला चांगला, पण वाळला की खिळा घेत नाही. आधी भोक पाडावं लागतं.

आता हिशेब. ४ बाय ३ इंची, १० फुटी वाशाचे बारा नग म्हणजे १० घनफूट. पण वाशाचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं ते ओलीनं कुजलेलं असतं, आणि जे कवेलूच्या बाहेर डोकावतं ते पावसानं. दोन्हीकडून फूटफूट कापलं की हाती ८ घनफूट. मामा ते दोन घनफूट मनातल्या मनात वजा करूनच भाव बोलत होते. शेवटी नगावर नाही, घनफुटावर नाही, सगळं उक्तं ठरलं. उक्त्यात एक फायदा असतो: खुंट्या, फळ्या, मोडका पाळणा, बंडीचा बाभळीचा कणा असं काहीबाही सोबत येतं, आणि कोठ्याच्या कामाला तेच जास्त उपयोगी पडतं.

मयाल मात्र आजीनं दिलं नाही. "सासऱ्यानं आणलं होतं जी, चार बैल लावून. थे राहू द्या." नव्या घरात त्याला जागा नव्हती, तरी राहू द्या. मामांनी आग्रह केला नाही, मीही नाही. कवेलू मात्र तिनं फुकट देऊ केले. वांदरांनी अर्धे फोडलेले, आणि नवे भाजून देणारा कुंभार आता जवळपास उरलेला नाही. जेवढे साबूत होते तेवढे गवत घालून गाडीत रचले.

इथं कागदांचं सांगणं भाग आहे, कारण स्वस्त लाकूड महाग पडतं ते याच ठिकाणी. सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा पास लागतो. लाकूड पन्नास वर्षांचं आहे हे आपल्याला ठाऊक. तपासणी नाक्यावरच्या माणसानं ते कशावरून मानायचं? म्हणून आधी घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा उतारा, मग घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, दोन्ही घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालय. वनरक्षकानं येऊन नग मोजले, पंचनामा केला. यात मुक्काम पडला, पण परतीच्या वाटेवर नाक्यावर पाच मिनिटांत सुटलो. आणखी एक. निस्तार हक्कात गावकऱ्यांना जंगलातून जे लाकूड मिळतं ते त्यांच्या घरच्या वापरासाठी. ते कोणी "स्वस्तात देतो" म्हणालं तर हात जोडून निघावं.

वैनगंगेचा पूल ओलांडून वडशाला गेलो. झाडीपट्टी नाटकांचा हंगाम संपत आला होता, भिंतींवर फाटकी पोस्टरं उरलेली. इथल्या एका आरा मशीनवर वेगळाच माल दिसला. गोल ओंडका चिरताना पहिली जी सालासकटची फळी निघते ती कोणाच्याच फर्निचरच्या कामाची नसते, म्हणून सरपणाच्या भावात जाते. एक बाजू सपाट, एक बाजू खडबडीत. कुंपणाला, कोठ्याच्या बाजूच्या भिंतीला याहून बरं काय हवं? साल मात्र सोलून घ्यावी, किडा तिच्याखालीच घर करतो.

बुटीबोरीच्या कंपन्यांमधून निघणाऱ्या पॅलेटबद्दल, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटींबद्दल, मला बरेच जण विचारतात, म्हणून दोन ओळी. ते बहुधा पाइनचं लाकूड. शिक्का बघावा: एचटी म्हणजे उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडा. आपल्या उधईला पाइन म्हणजे मेजवानी, तेव्हा जमिनीला टेकू देऊ नये. मला स्वतःला पॅलेटचं कौतुक नाही. खिळे काढण्यात जी मजुरी जाते त्यात जुन्या वाशांची अजून एक खेप येते.

खिळ्यांचं प्रकरण जुन्या लाकडालाही सुटत नाही. उमरेडच्या आरा मशीनवाल्यानं आमचा माल बघितला आणि मान हलवली. "एक खिळा राहिला तरी पट्टा जाते माझा." लोहचुंबक फिरवून, पहार आणि पकड घेऊन बसलो, तरी ठोकून मुडपलेले खिळे आत सापडतच होते. करवतीचा पट्टा तुटला तर पैसे आमचे, या बोलीवर त्यानं चिरायला घेतलं. तुटला नाही. दारांच्या जुन्या ऑइलपेंटला मात्र मी कोरडं घासू दिलं नाही. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ पोरांच्या नाकात जायला नको. पाणी मारून, पत्र्यानं खरवडून काढला. पांढऱ्या भागाला बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सचं पाणी, वाळल्यावर वरून जवसाचं तेल. काळं ऑइल फक्त खांबांच्या बुडाला.

निघताना खिशात इंजिनीअरचा नकाशा होता, बारा फुटी खोल्यांचा. कापून ८ फूट उरलेले वासे कवेलूच्या उतारावर दोन्ही बाजूंनी टाकले, दीड फूट वळचण सोडली, तर खाली खोली दहा फुटांच्या आसपास बसते. बारा फुटांसाठी नवं लाकूड विकत घ्या किंवा खोली दहाची करा. मी दहाची केली. इंजिनीअर नाराज झाला, बायको आधी नाराज आणि मग झाडायला कमी म्हणून खूश. नकाशा लाकूड जमल्यावर काढायचा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक ऐकतात आणि आधी नकाशाच काढतात.

मयाल ऐनाचं मिळालं, वडशाहून. कापलेल्या टोकांवर गावातल्या पोरांनी आत्ताच हक्क सांगितलाय, तान्ह्या पोळ्याला नंदी करायचेत म्हणून, आणि मामांनी परस्पर होकारही देऊन टाकलाय. कोठ्याला मात्र अजून वासे कमी पडतात. सिंदेवाहीकडं घरकुलाच्या यादीत बरीच नावं लागली आहेत असं मामांच्या कानावर आलंय, आणि छोट्या हत्तीवाला पोरगा रोज सकाळी दारात येऊन "कधी निघायचं?" विचारतो.