विरघळलं म्हणायचं का?

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनोळखी पदार्थ हाती पडला की सगळ्यांना त्याचं नाव शोधायची घाई असते. मला त्याआधीची, उरकून टाकली जाणारी पायरी जास्त आवडते: तो कशाकशात विरघळतो ते बघणं. परीक्षानळीत साधारण 0.1 ग्रॅम पूड, वर 3 मिलिलिटर द्रावक, नळी हलवायची आणि उजेडात धरायची.

गोम त्या बघण्यातच आहे. तळाशी चार कण उरलेत, ते विरघळणारच नाहीत की अजून विरघळतायत? खडे असतील तर वेळ लागतो, म्हणून पूड आधी बारीक करून घ्यावी. पदार्थ द्रव असला तर आणखी पंचाईत. रंगहीन द्रव पाण्यात एकजीव झालासा वाटतो, आणि नळी तिरकी केली की दोन थरांमधली पुसट रेघ दिसते.

पाण्यानंतर खरी गंमत. बेंझोइक आम्ल घ्या. 25 अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात ते जेमतेम 3.4 ग्रॅम विरघळतं. नळीत त्याच्या पापुद्र्या पाण्यावर तरंगतात, काचेला चिकटून बसतात. तेच सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकलं की फसफसतं आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार, होऊन दिसेनासं होतं. बीटा-नॅफ्थॉल मात्र बायकार्बोनेटला दाद देत नाही. ते फारच दुबळं आम्ल, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच लागतं. अ‍ॅनिलीनची तऱ्हा उलटी: ते आम्ल नव्हे, आम्लारी, म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जातं. आणि नॅफ्थॅलीन? आम्ल घाला, अल्कली घाला, ढिम्म. ईथर किंवा टोल्युईन दिलं की निमूट विरघळतं. (ईथरजवळ ज्योत नको, हे सांगायला हवंच.)

दिसेनासं झालं म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. बेंझोइक आम्लाच्या त्या नितळ द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावं. एकदम ओतलं तर फेस नळीबाहेर. थेंब पडतो तिथे क्षणभर पांढरं धुकं उठतं, हलवलं की विरतं. पुन्हा थेंब, पुन्हा धुकं. मग एका थेंबाला ते विरतच नाही आणि अख्खी नळी दुधाळ होते. पूड परत आलेली असते. मला विचाराल तर अख्ख्या प्रॅक्टिकलमध्ये याहून देखणं काही नाही.

शंका उरलीच तर ‘किंचित विद्राव्य’ लिहून हात झटकण्यात अर्थ नाही. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडी पूड तशीच राहिली, तर ती गाळून घ्यावी आणि गाळून आलेल्या द्रावणात लिटमस लाल होईपर्यंत आम्ल घालावं. गढूळ झालं तर काहीतरी नक्की विरघळलं होतं. नितळच राहिलं, तर बहुधा सगळा ऐवज गाळणकागदावरच बसलेला आहे.