गॅलेक्सी एस९ (यू) वर यू१ फर्मवेअर: पॅच्ड ओडिनची नोंद

फोन: एसएम-जी९६०यू, प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८४५. अमेरिकेतल्या मावसभावाने वापरून झाल्यावर दिलेला. सुरू करताना तिकडच्या मोबाइल कंपनीचा लोगो यायचा, शिवाय तिची काढता न येणारी ॲप्स. यू१ म्हणजे फर्मवेअरची (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरची) कंपनीचा शिक्का नसलेली आवृत्ती. तीच ओडिनने, म्हणजे सॅमसंग फोनवर फर्मवेअर चढवणाऱ्या पीसीवरच्या प्रोग्रॅमने, चढवायची होती. हार्डवेअर तेच.

रूट (फोनवर पूर्ण ताबा) किंवा कस्टम रॉमचा (इतरांनी बनवलेल्या प्रणालीचा) विषय इथे नाही. अमेरिकन स्नॅपड्रॅगन मॉडेलला बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) अनलॉक करायची सोयच दिलेली नाही, त्यामुळे सॅमसंगची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर चालतं.

तयारी: गूगल खातं आधी काढलं, नाहीतर रीसेटनंतर एफआरपी, म्हणजे जुनंच खातं मागणारं कुलूप, आडवं येतं. फोन बंद करून व्हॉल्यूम डाउन, बिक्सबी आणि पॉवर एकत्र दाबलं, मग व्हॉल्यूम अप. डाउनलोड मोड, म्हणजे फर्मवेअर घ्यायला तयार असलेली स्क्रीन, आला. सीएससी म्हणजे देश आणि मोबाइल कंपनीनुसार सेटिंगची फाइल. डेटा जाणारच होता म्हणून डेटा राखणाऱ्या होम सीएससीऐवजी सगळं पुसणारी साधी सीएससी घेतली.

साध्या ओडिनमध्ये बीएल (बूटलोडर), एपी (मुख्य प्रणाली), सीपी (मोडेम), सीएससी या चारही फाइली भरल्या. एमडी५ (फाइल शाबूत असल्याची तपासणी) ठीक, पुढच्या तपासणीत मात्र ‘एसएचए२५६ इनव्हॅलिड’ म्हणून फेल. मग ३.१३.१ ची पॅच केलेली थ्रीबी आवृत्ती उघडली, त्याच फाइली, तीच केबल. एपीला वेळ लागतो, तेवढ्यात चहा झाला. हिरवं पास.

आता खरी गंमत. पॅच्ड ओडिनने फोन ‘फोडला’ असं बरेच जण समजतात. पॅच पीसीवरच्या प्रोग्रॅमला मारलाय. त्याची स्वतःची तपासणी तेवढी गेली. फोनमधला बूटलोडर सही आणि बायनरी क्रमांक (जुन्या फर्मवेअरकडे मागे जाऊ न देणारी पातळी) आपला आपण बघतो. खात्रीसाठी मुद्दाम खालच्या बायनरीची बीएल दिली. फोनच्या स्क्रीनवर लगेच ‘एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल’. पॅच्ड ओडिन त्याला काय करणार! हा क्रमांक म्हणजे फर्मवेअरच्या नावातलं शेवटून पाचवं अक्षर. ९ च्या पुढे ए, बी असं चढत जातं. फ्लॅश करण्यापूर्वी एवढं एक अक्षर बघाच. त्यानंतर बरोबर फाइली पुन्हा चढवल्या, फोन सुरळीत.

नॉक्स वॉरंटी बिट (सहीबाहेरचं काही चढलं की कायमची बदलणारी सॅमसंगची खूण) अजून ०एक्स०, म्हणजे शाबूत, कारण सहीबाहेरचं काही चढलंच नाही. कंपनीचा लोगो गेला, ॲप्स गेली. सिम लॉक मात्र यू१ टाकून सुटत नाही. हा फोन भावाने तिथेच अनलॉक करून घेतला होता, म्हणून इथलं सिम चाललं.

पॅच्ड एक्सई कोणी कुठून बदलून ठेवलीय त्याचा भरवसा नाही. मी ती जुन्या लॅपटॉपवर, वायफाय बंद करूनच चालवतो. बँकेचं लॉगिन असलेल्या मशीनवर अजिबात नको.

पुढे लिनक्सवर हाइमडॉलने (ओडिनसारखंच काम करणारा प्रोग्रॅम) याच फोनची पिट, म्हणजे स्टोरेजच्या विभागांचा तक्ता, वाचून बघायची आहे. फ्लॅशिंग त्यातून करणार नाही. त्याला एलझेड४ (दाबून लहान केलेल्या) फाइली आधी हाताने उलगडून द्याव्या लागतात, तेवढा उत्साह सध्या नाही.