गवतावर उतरायचं तर विमान कुठलं घ्यावं?

लहान विमान घ्यायचंय म्हटलं की लोक आधी विचारतात, वेग किती? मग विचारतात, किती माणसं बसतात? धावपट्टीचं गवत कसं आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. मला तर सगळं त्यावरच ठरवायचं होतं. आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोत, डेटनपासून तासाभराच्या अंतरावर, एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या दोन शेतांमधली पट्टी विमानांसाठी राखून ठेवली आहे. लांबी जेमतेम १९०० फूट. पश्चिमेकडे थोडा चढ, मधोमध पाणी साचणारा सखल भाग, आणि कडेला ग्राउंडहॉगची बिळं. हा प्राणी रातोरात एवढं भोक करून ठेवतो की चाक निम्मं आत जावं. शेतकरी भला माणूस आहे, कापणीच्या घाईतही पट्टीवर ट्रॅक्टर फिरवतो, पण बिळांपुढे तोही हात टेकतो.

ब्रिटनच्या सीएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, गवतासाठी दिलेले गुणक मला सगळ्यात सोपे वाटतात. कोरड्या गवतावर टेकऑफचं अंतर १.२ पट धरायचं, ओल्यावर १.३. दोन टक्के चढ असेल तर आणखी १.१, आणि जमीन मऊ असेल तर १.२५. गंमत म्हणजे हे गुणक एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. डांबरावर पन्नास फूट उंची गाठायला हजार फूट लागत असतील, तर ओलं गवत आणि चढ मिळून १४३० झाले. त्यात एप्रिलचा चिखल आला की जवळपास १७९०. माझ्या १९०० फुटांत उरलं काय? आणि शेवटी विजेच्या तारा आहेतच.

म्हणून यादीतून पहिल्यांदा जड विमानं गेली. उतरतानाचा वेग ताशी ४० मैलांऐवजी ६० झाला की जिरवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. ती सगळी चाकांनी, स्ट्रटनी (चाकांच्या दांड्यांनी) आणि त्या खड्ड्यांनी सोसायची.

त्यानंतर नाकाखाली चाक असणारी विमानं. सेसना १५० आमच्या भागात ढिगाने मिळते, सुटे भाग मिळतात, इंजिन कुठलाही मेकॅनिक उघडतो. चांगल्या राखलेल्या गवतावर ती मजेत चालते, त्याबद्दल वाद नाही. पण नाकाचं चाक बिळात गेलं की धक्का थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीला, बसतो आणि प्रोपेलरची टोकं जमिनीपासून फार लांब नसतात. पायपर ट्राय-पेसरही भावाने बरी, पण आखूड आणि तीन चाकांवर डुलणारी. त्यापेक्षा शेपटीखाली चाक असलेलं विमान घ्यावं: नाक वर, पंखा वर, आणि पुढचं वजन दोन दणकट पायांवर. शिवाय गवतावर टायर थोडे घसरतात, त्यामुळे जरा तिरकं टेकलं तरी विमान सांभाळून घेतं. डांबरावर तेच टायर पकड घेतात आणि शेपूट पुढे धावायला बघते. टेलव्हीलची धास्ती लोकांना असते ती डांबरामुळे, असं माझं स्पष्ट मत. अर्थात प्रशिक्षकाची वेगळी सही लॉगबुकात लागतेच, आणि विमा कंपनी वर आणखी तास मागते ते निराळं.

आता उरले कब, चॅम्प, टेलरक्राफ्ट, लसकोम आणि सेसना १२०-१४०. सगळी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेची. १९४६ साली अमेरिकेतल्या कारखान्यांना वाटलं की घरी परतलेला प्रत्येक वैमानिक आता स्वतःचं विमान घेणार. त्यांनी ती हजारोंनी बनवली आणि दोन वर्षांत बाजार कोसळला. त्या चुकलेल्या अंदाजाच्या जिवावर आज माझ्यासारखीला विमान परवडतं.

पायपर जे-३ कब पिवळी, देखणी, दार उघडं ठेवून उडता येणारी. पण पैसे त्या पिवळ्या रंगाचेच जास्त पडतात. एकटं उडवायचं तर मागच्या सीटवर बसावं लागतं आणि पुढचं काही दिसत नाही. बिळं चुकवायची आहेत त्या माणसाला हे कसं चालणार? लसकोम धातूचं, हलकं, चपळ, पण त्याचे पाय जवळजवळ आणि ताठ. टेलरक्राफ्ट तेवढ्याच ६५ अश्वशक्तीत कबपेक्षा बरंच जोरात पळतं, मात्र तरंगत राहतं, लवकर खाली बसत नाही. छोट्या पट्टीवर हा गुण नव्हे.

सेसना १४० वर मन बरेच दिवस अडकलं होतं. ८५ अश्वशक्ती, स्टार्टर आहे, शेजारी-शेजारी बसता येतं. पाय म्हणजे स्टीव्ह विटमनच्या कल्पनेतली पोलादी पट्टी, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त ती पट्टी धक्का गिळत नाही, परत देते, आणि खडबडीत जागी ती उडी महागात पडते. पूर्वी स्पोर्ट पायलटला, म्हणजे अमेरिकेतल्या हलक्या विमानांच्या सोप्या परवान्याला, १३२० पौंडांची मर्यादा होती, त्यामुळे १४५० पौंडांची १४० बाहेर राहायची आणि चॅम्प-कबचे भाव फुगलेले असायचे. ऑक्टोबर २०२५ पासून वजनाऐवजी स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, बघतात, तेव्हा ती अडचणही गेली. ज्यांची पट्टी सपाट आहे त्यांनी डोळे झाकून १४० बघावी.

मी घेतली ती एरॉन्का ७एसी चॅम्प, १९४६ ची. ती जिथे बनली ते मिडलटाउन आमच्याच राज्यातलं, हा योगायोग. एकटीने पुढच्या सीटवरून उडवता येते, पुढचं सगळं दिसतं, आणि तेलाचे लांब स्ट्रट खड्डा खरोखर गिळतात. ते गळतातही. हँगरच्या फरशीवर दोन डाग नसतील तर स्ट्रटमध्ये तेलच नाही असं समजावं.

सांगलीच्या मामांना फोन केला. त्यांनी तरुणपणी फ्लाइंग क्लबात पुष्पक उडवलं होतं. एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, हे पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. कॉन्टिनेंटलचं ९० अश्वशक्तीचं इंजिन, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, आणि घडण बरीचशी एरॉन्का चीफसारखी. चीफ म्हणजे चॅम्पची बहीण, दोघांना शेजारी बसवणारी. त्या काळी एचएएलच्या डिझाइनची धुरा आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्याकडे होती, हे मामा दर वेळी सांगतात. या वेळीही सांगितलं आणि मग म्हणाले, "रंग बघू नकोस गं. शेपटीखाली झोपून बघितलंस का?"

"बघितलं मामा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळ्या ठोकूनही बघितल्या."

"आवाज कसा येतो?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. अशा विमानांत पाणी उतारावरून शेपटीकडे जातं, खालच्या नळ्यांच्या शेवटी साचतं आणि आतून गंज धरतो. चांगली नळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते. बाहेरून कापड आणि रंग झकास असतात, म्हणून हात आणि कान वापरायचे. कापडाच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती रंगाने बुजली असतील तर मालकाने किती लक्ष दिलं ते तिथेच कळतं.

दुसरी जागा पंखातला लाकडी स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई. तपासणीचं झाकण उघडून टॉर्च समोरून मारायचा नाही, लाकडाला जवळजवळ चिकटवून तिरका धरायचा. पंखाला खालून आधार देणारा स्ट्रट जिथे जोडलाय त्या पट्टीच्या कडेला लाकडाच्या रेषांना छेदणारी केसासारखी ओळ दिसली तर ती दबावाची तड. पंखाचं टोक कधीतरी जमिनीला आपटलेलं असलं की अशी तड पडते. मी बघितलेल्या एका चॅम्पच्या लॉगबुकात फक्त 'डाव्या पंखाचं टोक दुरुस्त' एवढंच लिहिलं होतं. मालक म्हणाला, हँगरच्या दाराला घासलं होतं. टॉर्च तिरका धरला आणि मी आभार मानून निघाले. दुसऱ्या एका पंखात उंदरांचं घर होतं. त्यांच्या मुताने ॲल्युमिनियमच्या फासळ्या खाल्ल्या होत्या, वास आधी आला आणि भोकं मागून दिसली.

कापड संपत आलेलं स्वस्त विमान घ्यायचा मोह आवरा. नवं कापड कारागिराकडून चढवायचं तर विमानाच्या किमतीएवढा खर्च सहज येतो. उलट इंजिनाला लोक उगाच घाबरतात. कॉन्टिनेंटल ए-६५ साधं आहे, फक्त दमट हवेत कार्ब्युरेटरला बर्फ धरायची त्याला खोड आहे, म्हणून गरम हवेची कळ आठवणीने ओढावी लागते. स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवायचा. शेपूट कुंपणाच्या खांबाला बांधल्याशिवाय मी पंख्याला हात लावत नाही, पाहुणे कितीही हसोत.

वजनाचा हिशेब तेवढा कोरडेपणाने करा. माझ्या चॅम्पमध्ये टाकी भरली की दोघांसाठी साधारण ३५० पौंड उरतात. नवरा आणि मी बसलो की डबा ठेवायला जागा आहे, वजन नाही. मुलांना घेऊन फिरायचं असेल तर सरळ सेसना १७० बघा. चार सीट, १४५ अश्वशक्ती, १९५२ पासूनच्या बी मॉडेलला मोठे फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखामागे खाली झुकणारे पत्रे), आणि किंमत दुपटीहून जास्त. खिसा आणखी हलका असेल तर चीफ शोधा. चॅम्पचीच हाडं, भाव बहुतेक वेळा कमी, कारण शेजारी-शेजारी बसताना खांद्याला खांदा घासतो. रुंद खांद्यांच्या माणसाला सोबत नेऊन एकदा दार लावून बघा, सौदा त्यानंतर.