आमची वाटचाल: चाती, नीळ आणि पुन्हा भरलेल्या बैठका

धंदा सुरू केला तेव्हा विकायला सूत कातायच्या टकळ्या, कापसाचे पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) आणि रंग पक्का करायला तुरटी एवढंच होतं. दुकान नव्हतंच. कातणाऱ्या-रंगवणाऱ्यांची बैठक जिथे भरेल तिथे सतरंजीच्या कोपऱ्यात माल मांडायचा आणि उरलेला वेळ आपणही कातत बसायचं. गिऱ्हाईक पेळू घेई आणि शेजारीच बसून कातायला लागे. पेळूत गाठी कुठे आहेत, तंतू आखूड कुठे आलाय, हे तिथल्या तिथे तोंडावर ऐकायला मिळायचं.

त्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. आमची चाती, म्हणजे सूत कातायची बारीक सळई, त्यांनी डोळ्यांसमोर आडवी धरली, बोटांत फिरवली आणि "टोक नाचतंय" एवढंच म्हणून परत दिली. तेव्हापासून प्रत्येक चाती काचेवर लोटून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. सरळ असेल तर गपगुमान घरंगळते, वाकडी असेल तर टकटक वाजते. केसभर बाक असला तरी बारीक सूत तुटत राहतं आणि नवखा माणूस बिचारा आपल्या हाताला दोष देतो. बाई आजही पेळू आमच्याकडूनच नेतात, आणि आजही पसंत न पडलेले परत करतात.

मधली वर्षं ठीक गेली.

मग भागीदार फुटला. रंगांचं काम तो बघायचा. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला, हेही एक वेळ सोसलं असतं. पण त्याने बैठकाच ताब्यात घेतल्या. सतरंजी गेली, खुर्च्या आल्या, समोर माइक आला. तिथे तो तयार रंगाच्या पुड्या विकू लागला: पुडी उघडा, पाण्यात टाका, कापड बुडवा, झालं! कापसाला नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी हिरड्यासारखं तुरट काही द्यावं लागतं, मग तुरटी, मग रंग. ही पायरीच त्याने गाळली, कारण तिला वेळ लागतो आणि समोरचा माणूस तोवर उठून जातो. रंग धुण्यात उतरले की लोक म्हणायचे, नैसर्गिक रंग टिकतच नाहीत. अहो, 1856 साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो कृत्रिम जांभळा काढला, तोवर जगातलं बहुतेक कापड झाडपाला, किडे आणि खनिजं यांच्यावरच रंगत होतं. ते काय दोन धुण्यांत पांढरं होत होतं?

मोठे खरेदीदार स्वस्तात मिळतं म्हणून तिकडे गेले. सावरतोय तोवर 2020 उजाडलं आणि बैठका बंदच पडल्या. साठवलेले पेळू दबून चपटे झाले, लोकरीला कसर लागली. सूत गुंडाळायचे फाळके विकले, मोठी रंगाची भांडी विकली. चाती घासायचं लेथ तेवढं विकलं नाही. बाई मात्र दर महिन्याला पैसे पाठवत राहिल्या. माल मागितला नाही. "बैठक भरेल तेव्हा द्या," म्हणाल्या. धंदा त्या पैशांवर तगला असं म्हणणार नाही, पण बंद करायची भाषा घरात पुन्हा कोणी काढली नाही.

आता बैठका परत भरू लागल्यात आणि आम्ही परत सतरंजीवर आहोत. काही मुलं विजेवर चालणारे चरखे घेऊन येतात. जुनी मंडळी नाकं मुरडतात. माझं काही म्हणणं नाही. पीळ हातातच कळतो, चाक कोण फिरवतंय याला महत्त्व नाही. दोन धागे एकत्र वळून दुपदरी करताना मात्र कातलं त्याच्या उलट दिशेने पीळ द्या. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

आणखी थोडं सांगते, कोणी विचारलं नसलं तरी. लोकर गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका, आटून घट्ट नमदा होईल. मंजिष्ठ, म्हणजे लाल रंग देणारी मुळं, उकळू देऊ नका, लाल जाऊन तपकिरी येतो. हिराकसाचं (लोखंडाच्या क्षाराचं) भांडं वेगळं ठेवा, त्याचा अंश राहिला तरी पिवळा काळवंडतो. निळीच्या माटात (रंगाच्या भांड्यात) सुताची लडी सोडताना बुडबुडे येऊ देऊ नका; आत हवा गेली की माट थकतो. आतलं पाणी पिवळट हिरवं आणि वर तांबूस चकाकी असेल तर माट तयार समजा. निळं पाणी दिसलं तर थांबा.

पुढच्या बैठकीला निळीचा माट आमच्याकडून. लडी चार ठिकाणी सैल बांधून, रात्रभर भिजवून आणा. कोरड्या लडीवर डाग पडतात आणि मग शिव्या माटाला बसतात. पुड्यांतल्या 'मंजिष्ठे'ने रंगवलेलं सूत कोणाकडे असेल तर तेही आणा. एका टोकावर लिंबू पिळू, दुसऱ्यावर धुण्याचा सोडा लावू. खरी मंजिष्ठ आंबटाने पिवळट नारिंगीकडे जाते, सोड्याने किरमिजीकडे. दोन्हीकडे जागची हलली नाही तर त्या पुडीवरचं नाव मी विचारणार नाही, मला ते माहीत आहे.