रजिस्टर लग्न, तीस दिवसांची नोटीस आणि हॉलवाल्याचा ॲडव्हान्स

रजिस्टर लग्न करायचं ठरलंय असं घरी सांगितलं तेव्हा दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "मग काय, तयारीच नको, जाऊन सह्या करून यायच्या." पुढचे कित्येक महिने मी हे ऐकत होते, कधी मामाकडून, कधी ऑफिसातल्या मैत्रिणींकडून. आणि त्याच काळात हॉलवाला रोज फोन करून विचारत होता, मॅडम तारीख कन्फर्म करताय ना.

कारण गोची सगळी तारखेतच आहे. कागदपत्रांची यादी कुणीही देतं, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो वगैरे, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही, फक्त दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघून ठेवा म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. तारखेचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीही दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस जिथे राहतोय त्या जिल्ह्यात. ती नोटीस ऑफिसात बोर्डावर लागते, तीस दिवस कुणाचा आक्षेप येतो का बघतात, आणि मगच लग्न. पण उशीर करूनही चालत नाही, नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, परत पहिल्यापासून. हे तीन महिने तीस दिवस संपल्यावर सुरू होत नाहीत, नोटीस दिली त्या दिवसापासूनच मोजायचे, म्हणजे हातात राहतात जेमतेम दोन महिने.

आम्हाला त्याच दिवशी दुपारी जवळच्या लोकांना जेवण द्यायचं होतं. हॉलवाला म्हणतो आधी तारीख सांगा मग बुकिंग, ऑफिसात म्हणतात आधी मुदत संपू दे मग तारखेचं बोला, आणि ह्याची बहीण परदेशातून दसऱ्यानंतर दोन आठवडे येणार, तिची तिकिटं काढून झालेली. शेवटी आम्ही उलटं मोजलं. बहीण असतानाचे दिवस धरले, त्यातून शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या काढल्या, दिवाळीचे दिवस काढले, आणि उरलेल्या दिवसांपासून मागे येत ऑगस्टच्या मध्यावर नोटीस दिली. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही चाललं असतं, कुठे काही अडकलं तरी थोडी जागा होती.

त्यात पितृपक्ष आला, ते दिवस कुणी तोंडातूनही काढले नाहीत, आम्हीही नाही, उगाच कशाला. आजीने कालनिर्णय पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "तुळशीचं लग्न लागायच्या आधी तुमचं?" तिला म्हटलं आजी, सरकारी ऑफिसात मुहूर्त नसतो, वार असतो. पण खरं सांगू का, मुहूर्त नसण्याचा जेवढा फायदा आम्हाला झाला तेवढा कशाचाच नाही. दसरा-दिवाळीच्या मधला आठवड्यातला दिवस, त्यात चातुर्मास, हॉल रिकामेच पडलेले. आम्ही दोन लागोपाठच्या दिवसांसाठी विचारून ठेवलं आणि सरळ सांगितलं की ऑफिसातून तारीख मिळाली की यातला एक नक्की करू. लग्नसराईत असं म्हटलं असतं तर हॉलवाल्याने फोनच ठेवला असता, इथे तो म्हणाला चालेल मॅडम, थोडा टोकन द्या. केटररनेही ताटांचा आकडा आठवडाभर आधी सांगितला तरी चालेल म्हणून सांगितलं.

आता काका. काकांनी कुठून तरी ऐकलेलं की कोर्ट मॅरेज केलं की मुलगा एकत्र कुटुंबातून बाहेर पडतो, वडिलोपार्जित जमिनीचं वगैरे सगळं बदलतं. ह्याच्या घरी दोन दिवस त्यावरच चर्चा. आणि गंमत म्हणजे काका अगदीच हवेत बोलत नव्हते, मूळ कायद्यात तसं कलम आहेच. पण 1976 साली दुरुस्ती झाली, आणि नवराबायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही. दोघांपैकी एक दुसऱ्या धर्माचा असेल तर मात्र तो मुद्दा खरा आहे, तेव्हा वकिलाला विचारूनच घ्या. हे कळल्यावर काका शांत झाले आणि मग म्हणायला लागले, एवढं आहे तर घरीच भटजी बोलवा, अक्षता टाकू, आणि नंतर नमुना ड भरून नोंदणी करा, तीस दिवसांची भानगडच नको. तोही रस्ता आहे, बहुतेक लोक तोच घेतात. पण आम्हाला विधी करायचेच नव्हते, आणि विधी झालेत असं नुसतं कागदावर लिहून देणं मला पटेना.

नोटिशीचं एक प्रकरण सांगायलाच हवं. मी पुण्याची, तो नोकरीला पुण्यात पण कायमचा पत्ता सातारा जिल्ह्यातला. अशा वेळी नोटिशीची एक प्रत त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या बोर्डावरही लागते. नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सगळं. त्यांच्या गावचे एकजण दस्ताच्या कामाला तिथे गेले होते, त्यांनी ते वाचलं आणि तिथूनच भावकीत फोन. संध्याकाळी सासऱ्यांना विचारणा, पोराचं लग्न परस्पर उरकताय काय? सासरे बिचारे दिवाळीत सगळ्यांना पेढे देऊन सांगणार होते. मग त्या रविवारी गावी जाऊन घरोघरी चहा पिऊन आलो, आणि जेवणाच्या यादीत गावाकडची एक अख्खी गाडी वाढली.

आमच्याकडे हसण्यावारी गेलं. पण घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्या मुलामुलींचा पत्ता असा महिनाभर बोर्डावर लटकतो, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आक्षेप घेणाऱ्यालाही काहीही बोलून चालत नाही खरं, आधीचा जोडीदार आहे, वय बसत नाही, जवळचं नातं आहे, मानसिकदृष्ट्या संमती देता येत नाही, असंच काहीतरी कारण लागतं. "आम्हाला मान्य नाही" हे कारण नाही. पण घरी येऊन बसणाऱ्याला कलम कोण दाखवणार?

साक्षीदार तीन लागतात. आता बघा, नेहमीच्या लग्नात मानाची माणसं किती असतात, मामा, आत्या, करवली, कानपिळ्या, सगळ्यांना काही ना काही काम. इथे मान फक्त तीन सह्यांचा. माझ्याकडून मामा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. ह्याच्याकडून त्याची आई म्हणाली मीच करणार, आणि मला ते फार आवडलं. तिसरी सही आमच्या दोघांच्या कॉमन मैत्रिणीची, जिच्यामुळे ओळख झाली. मग आत्या फुगली. दोन आठवडे फोन नाही. शेवटी आईने तिला जेवणाचा मेनू ठरवायला बसवलं आणि त्यानंतर आम्हा कुणाचंच त्यात काही चाललं नाही, तिने दोन गोडाचे पदार्थ ठेवलेच.

पत्रिका छापली नाही, व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यात फक्त जेवणाची वेळ. आहेर आणू नये असं लिहिलेलं, तरी पाकिटं आलीच.

लग्नाच्या दिवशी ऑफिसात वाट बघण्यात जास्त वेळ गेला, प्रत्यक्ष काम थोडंसंच. डिक्लरेशनवर आमच्या आणि साक्षीदारांच्या सह्या, मग एकमेकांना मी तुझा कायदेशीर पती, पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते असं म्हणायचं. हे समजेल त्या भाषेत म्हणता येतं, आम्ही मराठीत म्हटलं. साक्षीदारांची ओरिजिनल ओळखपत्रं मामाने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या खिशात ठेवली होती, हे काम आपल्या घरातल्या सगळ्यात धास्तावलेल्या माणसाला द्या, तो हरवत नाही. सर्टिफिकेट हातात आलं की ऑफिसातून निघायच्या आधी नावाचं प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख वाचून घ्या, आणि प्रमाणित प्रती जास्तीच्या मागून ठेवा. आमच्या दोन बँकेत गेल्या, एक पासपोर्टच्या फाइलला आहे. आडनाव मी बदललेलं नाही, त्यामुळे तो फॉर्म कसा भरतात ते मला विचारू नका.