शाई, चीर आणि दोन मार्क

गेल्या वर्षीचा मे, नागपुरात 45 डिग्री, आणि धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका हॉस्पिटलातून कॅन्सरसाठी काढलेलं अख्खं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, आलं, तेही लोणच्याच्या बरणीएवढ्या अरुंद तोंडाच्या डब्यात. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे टिकवायच्या द्रावणात, जाताना मऊ असतं म्हणून जातं आत, मग कडक होतं आणि बाहेर निघत नाही. ऑपरेशन थिएटरवाल्यांना हे कितीदा सांगितलं देव जाणे. शेवटी आमच्या टेक्निशियनने डबा कापला आणि त्या झटापटीत ग्रंथीच्या टोकाला, एपेक्सला, चीर गेली.

चीर गेली म्हणून एवढं काय, असं वाटेल. तर आम्ही काप घेण्याआधी ग्रंथीला बाहेरून शाई लावतो, उजवीकडे निळी, डावीकडे काळी, वरून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे ती पक्की बसते. मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या की मार्जिन, म्हणजे कापलेली कड, पॉझिटिव्ह, म्हणजे पेशंटच्या शरीरात काही राहिलं असण्याची भीती. शाई लावायला मी दुसऱ्या कोणाला देत नाही, अगदी मेंदीसारखी हलक्या हाताने करते. पण चिरेत शाई उतरली की आतला भागही बाहेरची कड वाटतो, सगळा घोळ.

पेशंट काटोलकडचे, रिटायर्ड काका. ऑपरेशनआधी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रोटीन, 11; ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक त्याची ग्रेड, 4+3; कॅप्सूलबाहेर, म्हणजे ग्रंथीच्या आवरणाबाहेर, काही नाही, सेमिनल व्हेसिकल (शेजारच्या वीर्यपिशव्या) आणि लिम्फच्या गाठी साफ. कॅन्सर परत येण्याचा अंदाज बांधायला कॅप्रा-एस नावाचा स्कोअर आहे, त्यात यांचे झाले 4, मधला गट. मार्जिन पॉझिटिव्ह धरलं की 2 वाढतात, 6, म्हणजे थेट हाय रिस्क. आणि ट्यूमर टेकला होता नेमका त्या चिरेतल्या शाईला!

डीपर सेक्शन, म्हणजे त्याच तुकड्याचे आणखी खोल काप, काढले, पुन्हा काढले. चिरेच्या दोन्ही कडांना शाई होती पण कॉटरीने, म्हणजे सर्जनच्या विजेच्या तापत्या हत्याराने, करपल्याची खूण कुठेच नाही, आणि सर्जनने कापलेली कड अनेकदा करपलेली दिसते. एका स्लाइडवर मात्र चिरेच्या अगदी तोंडाशी कॅन्सरच्या दोन सूक्ष्म ग्रंथी अशा बसल्या होत्या की सकाळी बघितलं तर आत वाटायच्या आणि संध्याकाळी कडेवर. मी निगेटिव्ह लिहिलं, खाली चिरेबद्दल चार ओळींची कॉमेंट. आमचे सर म्हणाले, "कॉमेंट कोण वाचतं गं?" बरोबरच होतं त्यांचं. लोक स्कोअर बघतात.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला होता. "मॅडम, कॅन्सर पुन्हा येईन का नाही, तेवढं सांगा ना." मी म्हटलं, भाऊ, ते सर्जनला विचारा. सुटका करून घेतली, दुसरं काय.

सहा आठवड्यांनी पीएसए 0.01 च्या खाली, मस्त. ग्रंथीच गेली म्हटल्यावर तो दिसायलाच नको. वर्षभर तसाच. या नोव्हेंबरात मुलगा संत्र्यांची थैली घेऊन आला, सोबत नवीन रिपोर्ट, 0.07. रिकरन्स म्हणायला 0.2 लागतात, तेही दोनदा, म्हणून सर्जन म्हणाले तीन महिन्यांनी परत बघू. त्याला वाटलं ही चांगलीच बातमी.

तो गेल्यावर मी जुनी स्लाइड काढून बसले. त्या दोन ग्रंथी होत्या तिथेच आहेत. या वेळी मला कडेवर वाटल्या.